टाकीतली रात्र: उजेड, तापमान आणि माशांचं मेलॅटोनिन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी ठाण्यात नौपाड्याला राहते, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि घरी माशांची तीन फुटी टाकी सांभाळते. त्यामुळे प्रश्न तीन दारांनी येतात. अकरावीच्या मुलांचे तासानंतर, सोसायटीतल्या शेजाऱ्यांचे जिन्यात, आणि माझी मावसबहीण बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात दिली आहे, तिच्या सासरच्या मंडळींचे जेवणाच्या पानावर. तीच तीच उत्तरं देऊन झाल्यावर एकदाची लिहून काढली.

मेलॅटोनिन म्हणजे झोपेची गोळी ना? माशांना ती कशाला?

औषधाच्या दुकानात ती झोपेची गोळी असते, शरीरात मात्र तिचं काम वेगळं. मेलॅटोनिन म्हणजे 'अंधार पडला' ही बातमी. रक्तातून ती सगळ्या अवयवांपर्यंत पोचते आणि बातमी ऐकून कोणी काय करायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. उंदीर रात्री जागा असतो, तरी त्याचंही मेलॅटोनिन रात्रीच वाढतं. रात्री भक्ष्य शोधत फिरणाऱ्या माशांचंही तसंच. गुरखा शिट्टी वाजवत गेला की कुणी कूस बदलतं आणि कुणी रात्रपाळीला निघतं, शिट्टी एकच.

नावाचा मात्र झोपेशी सुतराम संबंध नाही. १९१७ साली मॅकॉर्ड आणि ॲलन या दोघांनी गायीच्या पिनियल ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला, तेव्हा त्यांची कातडी फिकट झाली. पुढे १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या ॲरन लर्नर यांच्या गटाने तो पदार्थ वेगळा काढला. लर्नर त्वचारोगतज्ज्ञ होते आणि त्यांना शोध होता कातडीचा रंग बदलणाऱ्या द्रव्याचा. 'मेला' म्हणजे काळा, रंगद्रव्य मेलॅनिनमधला तोच. झोप या गोष्टीत फार नंतर शिरली.

माशाच्या अंगात हे बनतं कुठे?

मुख्यतः पिनियल ग्रंथीत. मेंदूच्या वरच्या बाजूला, दोन डोळ्यांच्या साधारण मध्ये, कवटीच्या लगेच खाली ही इवलीशी ग्रंथी असते. आपल्यातही ती आहे, पण मेंदूच्या पार आत. आपल्या पिनियलला उजेड दिसत नाही; डोळ्याने पाहायचं, मेंदूने निरोप द्यायचा, मग ग्रंथीने ऐकायचं. माशाच्या पिनियलला हा द्राविडी प्राणायाम करावा लागत नाही. तिच्यातल्या पेशी डोळ्यातल्या शंकूपेशींच्या सख्ख्या बहिणी आहेत, त्यांना उजेड थेट कळतो. बऱ्याच माशांत ग्रंथीवरचं हाड पातळ आणि कातडी फिकट असते, म्हणजे छपराला चक्क एक झरोका. बाजारात कुपा मासा मिळाला, ज्याला हॉटेलवाले टूना म्हणतात, तर कापण्याआधी डोक्यावर बघा. मधोमध एक धूसर, अर्धपारदर्शक ठिपका असतो. तोच झरोका.

मुलांना मी नेहमी सांगते, ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या, म्हणजे तलावपाळीच्या काठावर कौपिनेश्वराच्या, म्हणजे शंकराच्या देवळात जाता तेव्हा तिसऱ्या डोळ्यासाठी गाभाऱ्याकडे बघता. मागे वळून पाण्याकडेही बघा. माशाचा हा तिसरा डोळा प्रतिमा बनवत नाही, त्याला फक्त उजेड आहे की नाही आणि किती, एवढंच समजतं.

हे ओळखणारे पहिले शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश, मधमाश्यांच्या नाचासाठी १९७३ साली नोबेल मिळवणारे तेच. १९११ मध्ये त्यांनी दाखवलं की मिनो नावाच्या छोट्या माशाची दृष्टी गेली तरी डोक्यावरच्या त्या जागी उजेड टाकला की तो गडद होतो, सावली केली की फिकट. गंमत म्हणजे पिनियल काढून टाकल्यावरही थोडा प्रतिसाद उरला. मेंदूच्या आत आणखीही प्रकाशग्राही पेशी आहेत, हे त्यातून पुढे आलं.

पिनियलखेरीज डोळ्याच्या पडद्यात आणि आतड्यातही मेलॅटोनिन बनतं. डोळ्यातलं बहुतेक तिथल्या तिथे वापरलं जातं, आणि काही जातींत तर ते उलटं, दिवसा जास्त असतं. रक्तातली रात्रीची भरती मात्र पिनियलची.

उजेड पडला की आत नेमकं काय होतं?

हा भाग थोडा लांब आहे, पण सगळी मजा इथेच.

कच्चा माल ट्रिप्टोफॅन, अन्नातून येणारं अमिनो आम्ल. त्याचं सेरोटोनिन होतं. सेरोटोनिनचं एका पायरीने एन-ॲसिटिलसेरोटोनिन आणि आणखी एका पायरीने मेलॅटोनिन. सेरोटोनिनवरची पहिली पायरी ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) हातात आहे त्याचं नाव ए-ए-नॅट. पिठाच्या गिरणीत सगळी जाती, डबे, धान्य जागेवर असलं तरी पट्टा चढवल्याशिवाय पीठ पडत नाही. ए-ए-नॅट म्हणजे तो पट्टा. माशांत याचे निदान दोन प्रकार आहेत: एक डोळ्यात आणि मेंदूत, दुसरा, ए-ए-नॅट-२, पिनियलमध्ये. सस्तन प्राण्यांत एकच.

अंधारात पिनियलच्या पेशींचा विद्युतभार अशा बाजूला झुकलेला असतो की त्यांच्यात कॅल्शियम शिरत राहतं आणि सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या वाढतो. त्यामुळे ए-ए-नॅटवर फॉस्फेटचा शिक्का बसतो. शिक्का बसलेल्या विकराला १४-३-३ नावाची प्रथिनं मिठी मारून सांभाळतात. पट्टा चढला, गिरणी सुरू.

उजेड पडला की हे सगळं उलटं. कॅल्शियम घटतं, निरोप्या घटतो, शिक्का पुसला जातो, मिठी सुटते. आणि उघड्यावर पडलेला ए-ए-नॅट पेशीतल्या प्रोटिआसोम नावाच्या भंगारखान्यात जाऊन तुकडे तुकडे होतो. म्हणजे उजेड पट्टा नुसता उतरवून ठेवत नाही, कापूनच टाकतो. मध्यरात्री टाकीचा दिवा लावलात तर तासाभराच्या आत रक्तातलं मेलॅटोनिन दिवसाच्या पातळीकडे घसरतं ते याचमुळे. दिवा पुन्हा बंद केल्यावर नवा पट्टा विणावा लागतो, म्हणून चढण उतारापेक्षा सावकाश.

यात तापमान कुठून आलं? मासा तर थंड रक्ताचा.

थंड रक्ताचा आहे म्हणूनच! आपल्या पिनियलला जन्मभर ३७ अंशांच्या आसपासची ऊब मिळते. माशाची ग्रंथी पाण्याइतकीच गार किंवा गरम, कुपासारखे थोडे सोडले तर. विकराचा वेग तापमानावर ठरतो, त्यामुळे गिरणी किती जोरात चालेल हे पाणीच ठरवतं.

आता अपेक्षा अशी की पाणी जितकं गरम तितकं जास्त. तसं होत नाही. ए-ए-नॅट-२ च्या कामाला प्रत्येक जातीत एक शिखर असतं आणि त्यापुढे घसरण. ट्राउट या थंड ओढ्यातल्या माशात हे शिखर १२ अंश सेल्सिअसच्या आसपास. पाइक माशात २०, समुद्रातल्या सीब्रीममध्ये २७, आणि आपल्याकडच्या ओढ्यानाल्यांत, भातखाचरांत राहणाऱ्या झेब्राफिशमध्ये ३०. आकडे ओळीने वाचा: जो मासा ज्या पाण्यात सुखाने राहतो, त्याच तापमानाला त्याचा विकर टिपेला. डोळ्यातला दुसरा ए-ए-नॅट अशी जुळवाजुळव करताना दिसत नाही. पिनियलचाच विकर मुक्कामाच्या पाण्याला सुरात लावलेला आहे.

यातून जे चित्र उभं राहतं ते एकदा कळलं की विसरत नाही. मेलॅटोनिनची रात्रीची लाट कागदावर काढा. लाटेची रुंदी, म्हणजे ती किती तास टिकते, उजेड ठरवतो. लाटेची उंची पाणी ठरवतं. हिवाळ्यात लाट रुंद आणि बसकी, उन्हाळ्यात अरुंद आणि उंच. माशाला त्या एका लाटेतून घड्याळही कळतं आणि पंचांगही. आणि दिवसा? भर उन्हात पाणी कितीही कोमट होवो, उजेड आहे तोवर लाट उठत नाही. तापमानाचं चालतं ते फक्त रात्री.

म्हणजे हीटर लावून तापमान वाढवलं तर मासे खूश?

वर लिहिलेलं पुन्हा वाचा. शिखर जातीनुसार वेगळं. गोल्डफिशला गार पाणी मानवतं. त्याच्या टाकीत २८ वर हीटर ठेवणं म्हणजे माथेरानच्या माणसाला मे महिन्यात तुर्भ्याच्या बसमध्ये बसवणं. आपल्याकडे हीटरचा खरा उपयोग डिसेंबर-जानेवारीत, रात्री तापमान झपकन उतरू नये म्हणून. माझ्या थर्मामीटरवर जानेवारीच्या पहाटे २२ आणि मेच्या दुपारी ३२ पाहिलेत, त्याच दिवाणखान्यात, त्याच टाकीत. हीटर मेलॅटोनिनसाठी लावू नका, चढउतार आवरायला लावा.

ठाण्यात दिवस फारसा लहानमोठा होतच नाही. मग आपल्या माशांना ऋतू कळतो कसा?

हा प्रश्न एका अकरावीच्या मुलाने विचारला होता आणि तो पुस्तकातल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा चांगला आहे.

ठाण्याचा अक्षांश १९ च्या जरा वर. जूनमधला सर्वात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, डिसेंबरमधला सर्वात लहान जेमतेम अकरा तासांचा. फरक सव्वादोन तास. नॉर्वेत बर्गनला हाच फरक तेरा तासांच्या वर जातो. तिकडच्या साल्मनला नुसत्या दिवसाच्या लांबीवरून महिना सांगता येईल. आपल्या रोहूला तेवढ्या ढोबळ खुणा नाहीत, पण सव्वादोन तास म्हणजे शून्यही नव्हे. जोडीला मे महिन्याचं तापलेलं पाणी, मग पहिल्या पावसाने गार झालेलं, गढुळलेलं, वाहतं पाणी. रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात अंडी घालतात, आणि त्यांच्या शरीराची तयारी त्याआधी कित्येक आठवडे, दिवस लांबत असताना आणि पाणी तापत असताना, चाललेली असते. म्हणून उष्ण कटिबंधातल्या माशांबद्दल बोलताना तापमान बाजूला ठेवून नुसत्या उजेडावर बोलणं मला अर्धवट वाटतं. पाठ्यपुस्तकं गार देशांत लिहिली गेली, त्याचा हा परिणाम.

शांतिनिकेतनला विश्वभारती विद्यापीठात कटल्याच्या पिनियलवर बरंच काम झालं आहे. बाहेरून दिलेलं मेलॅटोनिन वर्षाच्या कुठल्या टप्प्यावर दिलं त्यावर जननग्रंथींवरचा परिणाम बदलतो, हे त्यातलं मला सगळ्यात लक्षात राहिलेलं. तेच द्रव्य एका ऋतूत पुढे ढकलतं, दुसऱ्यात मागे ओढतं.

टाकीचा दिवा रात्रभर चालू राहिला तर मासे मरतात का?

एका रात्रीने नाही. पण रोजचं असेल तर किंमत मोजावी लागते.

आमच्याकडची गोष्ट सांगते. तीन वर्षांपूर्वी गौरी-गणपतीचं मखर टाकीला लागून मांडलं. दुसरी भिंतच नव्हती. समई अखंड, आणि वर जाऊबाईंनी हौसेने आणलेल्या एलईडीच्या माळा, त्याही रात्रंदिवस. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही एंजल फिश फिल्टरच्या नळीमागे, माळांकडे शेपटी करून उभे. चौथ्या दिवशी सकाळी टाकलेले दाणे दुपारपर्यंत तसेच तरंगत होते. एरवी तीस सेकंद टिकत नाहीत. दोष एकट्या दिव्याला देणार नाही. आरत्या, झांजा आणि काचेवर टकटक करणारी पाहुण्यांची पोरंही होती. पण विसर्जनानंतर दोन दिवस टाकीवर जुनी चादर टाकून सकाळ-संध्याकाळ नीट पाळली, आणि तिसऱ्या दिवशी दाणे संपले.

रात्रीच्या उजेडाचा सगळ्यात बोलका पुरावा क्लाऊनफिशच्या अंड्यांचा आहे, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो. त्याची अंडी अंधार पडल्यावर फुटतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ज्या अंड्यांवर रात्रभर दिवा ठेवला, त्यातलं एकही फुटलं नाही. दिवा बंद केल्यावर फुटली. पिल्लं आत तयार होती, रात्र होण्याची वाट बघत होती.

मग किती उजेड चालतो? झिरोचा दिवा तरी?

वाटतं त्यापेक्षा फार कमी. लक्स हे उजेड मोजायचं एकक. पौर्णिमेचं चांदणं ०.१ ते ०.३ लक्सच्या घरात. बर्लिनमध्ये युरोपीय पर्च माशांवर रात्री १, १० आणि १०० लक्स उजेड सोडून पाहिला. १ लक्सलाच मेलॅटोनिनची लाट दबली. माझ्या दिवाणखान्यातला झिरोचा दिवा लावून मोबाइलच्या लक्समीटरवर टाकीच्या काचेपाशी मोजलं तर ३-४ दिसतात. ही मोबाइलची मापं काटेकोर नसतात, पण १ च्या कुठल्या बाजूला आहोत हे सांगायला पुरेत.

थोडक्यात, झिरोचा दिवा माशाच्या पिनियलच्या लेखी झिरो नाही. रस्त्यावरचा खांब खिडकीतून थेट टाकीवर पडत असेल तर पडदा ओढा.

दुकानदार म्हणतो निळा 'मूनलाइट' दिवा रात्रभर लावा, माशांना चंद्रासारखा वाटतो.

चंद्र रात्रभर रोज एकाच उजेडाने, एकाच जागी उभा असतो का? आणि चांदणं निळं नसतं. आपल्या डोळ्याला अंधारात तसं भासतं.

रंगाचा मुद्दा मात्र गंभीर आहे. स्वच्छ पाण्यात लाल किरण पहिल्या काही मीटरांत शोषले जातात, निळे सर्वात खोल जातात. म्हणून समुद्रातल्या सी बास माशात मेलॅटोनिन दाबायला निळा उजेड लालपेक्षा जास्त जोरकस ठरला. त्या गोड्या, गढूळ पाण्यातल्या पर्चमध्ये मात्र सगळेच रंग लाट दाबतात, आणि त्यातल्या त्यात निळा कमी. ज्या पाण्यात जो रंग पोचतो त्यालाच तिथला तिसरा डोळा जास्त सरावलेला असणार, असा याचा अर्थ मी लावते. 'हा रंग सुरक्षित' असं सरसकट कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अंधार सुरक्षित. रात्री बघायचीच हौस असेल तर पाच मिनिटं मंद लाल बॅटरी लांबून.

मासे झोपतात तरी का? डोळे तर उघडेच असतात.

पापण्याच नाहीत तर मिटणार काय? हालचाल मंदावते, एका जागी तळाशी किंवा पानाआड थांबतात, टिचकीला उशिरा प्रतिसाद देतात, आणि झोप मोडली तर नंतर ती भरून काढतात. यालाच झोप म्हणतात. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत झेब्राफिशचं ए-ए-नॅट-२ चं जनुक निकामी करून पाहिलं. ती पिल्लं रात्री जवळपास निम्मंच झोपली. म्हणजे दिवसाच्या प्राण्यात मेलॅटोनिन आणि झोप यांचं नातं आहेच. पहिल्या उत्तरात मी जरा ताणून बोलले, पण मुद्दा तोच: बातमी आणि झोप या दोन गोष्टी.

रात्री पाणी प्यायला उठलो, दिवा लावला, तर मासे पांढुरके दिसले. आजारी आहेत?

बहुधा नाही. दहा मिनिटं थांबा, रंग परत येईल. अनेक माशांत मेलॅटोनिनमुळे कातडीतल्या पेशींमधलं काळं रंगद्रव्य मध्यभागी गोळा होतं आणि अंग फिकटतं. पेन्सिल फिश तर दिवसाचा लांब पट्टा उतरवून रात्री ठिपके अंगावर घेतो. निऑन टेट्राच्या निळ्या पट्टीचं गणित मात्र वेगळं: तिथे रंगद्रव्य नाहीच, चमकदार पेशींमधल्या स्फटिकांच्या थरांतलं अंतर बदलतं आणि परावर्तित रंग बदलतो.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. मेलॅटोनिन कमी झालं का?

नाही, प्राणवायू कमी झाला. २० अंशांना एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. त्यात रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू देण्याऐवजी घेतात. एअर पंप लावा, आधी लावा, बाकीचं नंतर वाचा. गप्पी किंवा फायटर कधीमधी वर आले तर घाबरू नका. फायटर हवेतूनही श्वास घेतो.

टाकी सतत अंधारात ठेवली तर घड्याळ बंद पडतं?

जातीवर आहे. झेब्राफिश आणि पाइकच्या पिनियलमध्ये स्वतःचं घड्याळ आहे. ग्रंथी काढून बशीत, अंधारात ठेवली तरी काही दिवस मेलॅटोनिन रात्रीच्या वेळी वाढतं, दिवसाच्या वेळी उतरतं. ट्राउटची ग्रंथी घड्याळ ठेवत नाही. तिला अंधारात ठेवा, ती अखंड मेलॅटोनिन सोडत बसते, जणू पहाट झालीच नाही. दोन्ही गड्यांचं बाहेरून काम सारखंच दिसतं, फरक अंधारात कळतो.

झेब्राफिशची आणखी एक तऱ्हा. २००० साली दिसून आलं की त्याचं काढून ठेवलेलं हृदय आणि मूत्रपिंडसुद्धा उजेडाने थेट आपलं घड्याळ लावून घेतात. इतक्या पारदर्शक जिवाला ते परवडतं. उजेड नसला आणि पाण्याचं तापमान रोज ठरावीक वेळी वरखाली झालं, तर त्यावरही घड्याळ जुळतं.

अंड्यांना आणि पिल्लांना हे कधीपासून लागू?

झेब्राफिशमध्ये अंडं फलित झाल्यावर साधारण २२ तासांत पिनियलमध्ये ए-ए-नॅट-२ चं जनुक बोलू लागतं. अंड्यातून बाहेर यायच्या आधीच! म्हणून पिल्लांच्या टाकीलाही रात्र द्या.

गुहेतल्या आंधळ्या माशांचं काय?

मेक्सिकोच्या गुहांमधल्या ॲस्टियानॅक्स माशाचे डोळे वाढता वाढता विरून जातात. तरी त्याच्या लहान पिल्लांवर सावली धरली तर ती वर पोहत येतात. डोळे गेले, झरोका राहिला.

अवसेला-पुनवेला मासळी कमीजास्त लागते, त्यात मेलॅटोनिनचा हात आहे का?

दिवाळे कोळीवाड्यातला हा प्रश्न. तिथल्या आजोबांना उधाण (मोठी भरती), भांग (छोटी भरती), कुठल्या तिथीला भरती किती वाजता, सगळं तोंडपाठ. माझं शिक्षण त्यांच्यापुढे तोकडं. जाळ्यात काय येतं ते मुख्यतः पाण्याच्या ओढीवर. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मेलॅटोनिनचं चक्र २४ तासांचं, त्या तालात बसत नाही. गाळात उड्या मारणाऱ्या निवट्यांना तर पाणी कधी ओसरेल हे आधी बघावं लागतं.

पण चंद्राचा उजेड पिनियलला दिसतो हे खरं. जपानच्या ओकिनावा बेटांकडे रॅबिटफिशवर झालेल्या कामात अमावास्येच्या रात्री मेलॅटोनिन जास्त आणि पौर्णिमेच्या रात्री कमी आढळलं, आणि हे मासे चंद्राच्या ठरावीक कलेलाच अंडी घालतात. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, 'मंग आमी काय येगलं सांगतो?'

एलईडी मासेमारीवर बंदी आहे ती यामुळेच का?

नाही. प्रखर दिव्यांकडे मासळी झुंडीने ओढली जाते आणि लहानमोठं सगळं उपसलं जातं, म्हणून केंद्र सरकारने २०१७ मध्ये देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे ज्यावर देशाचा मासेमारीचा हक्क चालतो त्या समुद्रात अशी मासेमारी बंद केली. उजेडाकडे ओढलं जाणं आणि मेलॅटोनिन दबणं, दोन वेगळ्या गोष्टी.

तलावपाळीची रोषणाई तिथल्या माशांना त्रासदायक आहे का?

दिवाळी पहाटेला मीही तिथे असते, त्यामुळे साळसूदपणे बोलत नाही. पाण्यावर पडणारा उजेड १ लक्सच्या वर असेल तर वरच्या थरातल्या माशांची रात्र कापली जाते, हे पर्चच्या प्रयोगावरून समजून घेता येतं. तलाव गढूळ असल्याने उजेड खोल जात नाही, तळाशी माशांना आसरा मिळतो. चार दिवसांच्या उत्सवापेक्षा मला काळजी वाटते ती वर्षभर पाण्याकडे तोंड करून जळणाऱ्या दिव्यांची. तेच दिवे रस्त्याकडे वळवले, वर झाकण बसवलं, तर फिरायला येणाऱ्यांना उजेड तेवढाच राहील. ऐरोली-वाशीकडच्या खाडीकाठच्या फ्लडलाइटनाही हेच लागू.

मत्स्यशेतीत याचा काही उपयोग?

नॉर्वेत मोठा. समुद्रातल्या पिंजऱ्यांत हिवाळ्यापासून दिवे अखंड चालू ठेवतात. साल्मनला लांब रात्रीची बातमीच मिळत नाही, तो वयात यायचं लांबवतो आणि खाल्लेलं अन्न मांसात जातं.

आपल्याकडे वाट वेगळी निघाली. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी कार्पला (रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांना) पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यात अंडी घालायला लावली; तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. म्हणजे बातमी देणाऱ्या पिनियलला वगळून, बातमी ऐकून हुकूम सोडणाऱ्या पिट्युटरीलाच हाताशी धरलं. पेण-अलिबागकडचे जिताड्याच्या तळ्यांचे मालक विचारतात, दिवे लावू का? माझं उत्तर: आधी पाण्याचं तापमान वर्षभर वहीत लिहा.

माणसाची मेलॅटोनिनची गोळी पाण्यात विरघळवली तर?

नको. ते कल्ल्यांतून आत जाईल आणि माशाला भर दुपारी रात्र झाल्याची खोटी बातमी मिळेल.

शेवटी टाकीचं वेळापत्रक काय ठेवू?

दिवा रोज एकाच वेळी लागावा, एकाच वेळी बंद व्हावा. आठ ते दहा तास पुरेत, शेवाळही आटोक्यात राहतं. टाकीचा दिवा आधी बंद करा, खोलीचा अर्ध्या तासाने, म्हणजे माशांना जागा धरायला तिन्हीसांज मिळते. एकदम अंधार झाला तर ते काचेवर आपटतात. खोलीत उशिरापर्यंत टीव्ही चालत असेल तर टाकीवर जाड कापड. पाणी बदलताना नवं पाणी थर्मामीटर लावून, जुन्याशी एक-दोन अंशांत जुळवून घाला. इमारतीची पाण्याची टाकी गच्चीवर असेल तर मे महिन्यात नळाचं पाणी सकाळीच भरून ठेवा.

टायमर गोल तबकडीचा घेतला असेल तर एक लक्षात ठेवा. वीज गेली की तो तिथेच थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालतो. पावसाळ्यात दोन-चारदा वीज गेली की टाकीतली संध्याकाळ रात्री अकराला होते. मी दर रविवारी तबकडी फिरवून भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवते.